घसा जळतोय म्हणजे आवाज उघडतोय? नाही, सुजतोय!

‘21 दिवसांत आवाज एक सप्तक वर’ हा मेसेज सोलापुरातल्या भजनी मंडळांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले उपाय असे: पहाटे तार सप्तकातला, म्हणजे सगळ्यात वरच्या सप्तकातला, सूर घसा जळेपर्यंत पूर्ण ताकदीने लावा, हनुवटी वर उचला, तुरटीच्या पाण्याने गुळण्या करा, रोज खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावा. लोकांनी नुसते अंगठे दिले असते तर सोडून दिलं असतं. पण आमची भाची खरंच पहाटे ओरडायला लागली.

म्हणे जळजळ झाली की ‘आवाज उघडतो’! काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, गाणाऱ्या बाईचे घशातले स्वरतंतू मध्य षड्जावर (मधल्या ‘सा’वर) सेकंदाला सुमारे 233 वेळा एकमेकांवर आदळतात, तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) 466 वेळा. त्यात फुप्फुसातून जोर लावला की प्रत्येक आघात जड होतो. तंतू सुजतात, आणि हेच रोज चाललं तर त्यांच्या कडांवर गाठी धरू शकतात. मग ते पुरते मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि सगळ्यात आधी वरचेच सूर जातात. मुळात सूर चढतो तो तंतू ताणून लांब आणि पातळ झाल्यामुळे. ताकदीने वाढतो तो मुख्यतः आवाजाचा मोठेपणा. गाताना आवाज एकदम गेला, तर त्या क्षणी थांबा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

हनुवटी उचलली की स्वरयंत्र वर ओढलं जातं, घसा आवळतो. तुरटीची गुळणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही; पोचली तर ठसका लागेल.

खर्जाचं मात्र मान्य करावं लागेल. हलका, न दाबलेला खर्ज सकाळी आवाज मोकळा करतो. पण नुसत्या खर्जाने तार सप्तक येत नाही.

येतं कशाने? स्ट्रॉने. आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी 2006 साली यामागचं शास्त्र सविस्तर मांडलंय: तोंडाशी वाट अरुंद केली की मागे दाब तयार होतो आणि तंतू कमी आघातात कंप पावतात. सरबताची स्ट्रॉ ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत खालून वर सावकाश घसरत जा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तुटले तर हवेचा जोर कमी-जास्त होतोय. पाच मिनिटं पुरे. मग तेच सूर स्ट्रॉशिवाय ‘ऊ’वर, नंतर ‘ओ’वर, ‘आ’ सगळ्यात शेवटी. वरचा सूर हळू आवाजात सहज लागायला लागला की पेटीची एकच पट्टी पुढे जा, तेही काही दिवस थांबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सूर हळू लावून बघा. उशिरा लागला किंवा नुसती हवा आली, तर सूज आहे. त्या दिवशी वर जायचं नाही. मे महिन्यात, सोलापूरच्या कोरड्या हवेत, पाणी दिवसभर घोट-घोट प्या. गायच्या आधी तांब्याभर ढोसून उपयोग नाही.

सप्तकभर वाढ 21 दिवसांत होत नाही. महिन्यांच्या रियाजाने एखाद-दुसरा सूर वाढतो, तोही प्रत्येकाचा नाही. तोवर एकादशीच्या भजनाला पेटी काळी पाचऐवजी काळी चारला घ्या. पखवाज उतरवावा लागेल म्हणून पखवाजवाले कुरकुरतील. कुरकुरू देत.