हृदयदोष असलेल्या बाळाजवळ आईवडिलांना पुष्कळ काम असते

नवजात बाळाला हृदयदोष असल्याचे कळले की दोन-चार दिवसांत कुणीतरी नातेवाईक एक मजकूर हमखास पुढे पाठवतो. त्याचा आशय असा: हृदयातले छिद्र आपोआप बुजते, डॉक्टर उगाच घाबरवतात, वजन 10 किलो झाल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, अंगावर पाजल्याने असे बाळ दमते, म्हणून बाटली द्यावी, अतिदक्षता विभागात आईवडिलांना काही काम नसते, त्यांच्या हाताने जंतुसंसर्ग मात्र होतो, हे सारे गरोदरपणी ग्रहण न पाळल्याने घडते, आणि खर्च लाखोंचा असल्याने सामान्य माणसाने बाळाला घरी नेऊन देवावर हवाला ठेवावा. पाठवणाऱ्याला धीर द्यायचा असतो हे मान्य. तरीही या मजकुराच्या भरवशावर कागदावर सही करून बाळाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेले जाऊ शकते, म्हणून त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

ग्रहणाचा मुद्दा आधी निकालात काढू. गर्भाच्या हृदयाची मूळ रचना पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच पूर्ण होते, आणि ग्रहणाच्या वेळी आई कुठे बसली होती याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. आईचा अनियंत्रित मधुमेह, रुबेलाचा संसर्ग, काही औषधे आणि गुणसूत्रांतील बदल ही ज्ञात कारणे आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. परंतु बहुसंख्य बाळांमध्ये कोणतेही एक कारण सापडत नाही. जन्मणाऱ्या दर 100 बाळांपैकी सुमारे एकाला हा दोष असतो, आणि यात तिचा दोष नाही, हे बाळंतिणीला डॉक्टरांइतकेच ठामपणे तिच्या नवऱ्याने आणि सासूने सांगायला हवे.

छिद्र आपोआप बुजते, हे अर्धेच खरे आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या स्नायुमय भागातील लहान छिद्रे पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत बंद होतात, आणि तेव्हा डॉक्टरही केवळ वेळोवेळी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून लक्ष ठेवतात. मोठी छिद्रे मात्र तशी क्वचितच बंद होतात. त्यातही फसवी गोष्ट अशी की मोठे छिद्र असलेले बाळ पहिल्या आठवड्यात ठणठणीत दिसू शकते, कारण जन्मानंतर काही दिवस फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असतो आणि त्यामुळे छिद्रातून फारसे रक्त तिकडे वळत नाही. हा दाब उतरू लागला की, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास, बाळाला धाप लागते, दूध पिताना कपाळावर घाम येतो आणि वजन वाढेनासे होते. पुढे दुर्लक्ष झाले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग छिद्र बंद करण्याची संधीच उरत नाही. शिवाय हृदयदोष म्हणजे केवळ छिद्र नव्हे. दोन्ही मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेले बाळ डक्टस नावाची जन्माआधीची वाहिनी उघडी राहण्यावर अवलंबून असते. ती जन्मानंतर मिटू लागते, म्हणून ती उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लॅंडिनचे औषध सलाईनमधून अखंड चालू ठेवावे लागते. अशा बाळाला घरी नेणे म्हणजे ते औषध बंद करणे.

10 किलोंच्या अटीला तर आधारच नाही. धमन्यांची अदलाबदल दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया सामान्यतः जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करतात, तेव्हा बाळाचे वजन तीन किलोंच्या आसपास असते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 29 नोव्हेंबर 1944 रोजी हृदयदोषामुळे निळसर पडणाऱ्या बाळावर जी पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली, त्या मुलीचे वजनही सुमारे 4 किलोच होते. शिवाय मोठ्या छिद्रामुळे वजन वाढत नसेल, तर वजनाची वाट पाहत बसणे म्हणजे आजारानेच आजार बरा होण्याची वाट पाहणे होय.

दुधाच्या बाबतीत हा मजकूर विशेष नुकसान करतो. स्तनपानात दुधाचा ओघ बाळाच्या चोखण्यावर अवलंबून असतो आणि ते मध्ये थांबून श्वास घेऊ शकते. बाटलीतून, विशेषतः मोठ्या भोकाच्या निपलमधून, दूध येतच राहते. हृदयदोष असलेल्या बाळांमध्ये स्तनपानाच्या वेळी रक्तातील ऑक्सिजन बाटलीच्या तुलनेत अधिक स्थिर राहतो असे आढळले आहे. काही बाळे खरोखरच दमतात हेही खरे. त्यांना वीस-तीस मिनिटे पाजून उरलेले दूध नाकातून पोटात घातलेल्या नळीने देतात. आतड्यांच्या रक्तपुरवठ्याची काळजी असेल तर काही दिवस पोटात काहीच देत नाहीत. नेमक्या याच दिवसांत आईचे दूध आटण्याचा धोका असतो, म्हणून तिने दिवसरात्र मिळून साधारण आठ वेळा दूध काढत राहावे, आणि तिला रात्री उठवून पंप धुऊन देण्याचे काम घरच्यांनी अंगावर घ्यावे. परवानगी मिळाली तर चिकाचे दोन थेंब कापसाने बाळाच्या गालाच्या आत लावता येतात. आईचे दूध कमी पडले तर दुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध मिळण्याची सोय, आहे का ते विचारावे. मुंबईत शीव रुग्णालयात आशियातील पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये सुरू झाली.

आता अतिदक्षता विभागाविषयी. माझ्या मते या मजकुरातील सर्वांत निष्ठुर विधान हेच आहे, कारण आधीच हतबल झालेल्या आईवडिलांना ते दाराबाहेर बसवते. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय म्हणजे बांगड्या-अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुणे, नखे कापलेली ठेवणे आणि सर्दी-खोकला असल्यास आत न जाणे. आईवडिलांना नवजात शिशू विभागात आणून काळजीत सहभागी करून घ्यावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच 2017 मध्ये काढली आहेत. ताज्या शस्त्रक्रियेनंतर, छाती अजून शिवलेली नसताना, बाळाला उचलता येत नाही. तरी एक तळवा डोक्यावर आणि दुसरा तळपायांखाली स्थिर ठेवता येतो. कुरवाळण्यापेक्षा असा न हलणारा हात बाळाला अधिक मानवतो. आईचा आवाज ते पोटात असल्यापासून ओळखते. प्रकृती स्थिरावली की परिचारिकेच्या मदतीने त्याला उघड्या छातीवर घेता येते. नळीतून दूध देताना इंजेक्शनची मोकळी नळी हातात उंच धरून दूध आपल्या वजनाने हळूहळू उतरू देणे हे काम कित्येक वडील एका दिवसात शिकतात. शिवाय दूध प्यायला आज किती वेळ लागला, घाम आला का, लंगोट किती वेळा ओला झाला, हे टिपून ठेवलेली वही सकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या उपयोगी पडते. यंत्रावर नाडी आणि ऑक्सिजन दिसतो. बाळ कालच्यापेक्षा मलूल आहे हे बहुधा आईच आधी सांगते.

राहिला खर्च. तो मोठा आहे, पण दारे बंद नाहीत. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्यात जन्मजात हृदयदोष समाविष्ट आहे आणि जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवण्याची सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. खारघरचे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य करते. बाळाचे नाव अजून शिधापत्रिकेवर चढलेले नसते, त्यामुळे जन्मदाखल्यासोबत आणखी कोणते कागद लागतील हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या कर्मचाऱ्याला, पहिल्याच दिवशी विचारावे, आणि घरी नेण्याच्या कागदावर सही करण्याआधी तर नक्कीच विचारावे.