एमजीबीच्या इंजिन-सफाईबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या एमजीबीबद्दलचा, म्हणजे या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सफाईबद्दलचा, दोन स्टारचा अभिप्राय वाचला. त्यात तीन तक्रारी आहेत. इंजिन धुवायला दिलं असताना आम्ही पाण्याचा पाइप लावला नाही, फडकी आणि ब्रश घेऊन चार तास घालवले. जवळचं वॉशिंग सेंटर हेच काम वीस मिनिटांत आणि पाव किमतीत करतं. आणि एवढं करूनही दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिसिंग करत होती, तीनच सिलिंडरवर चालत होती. शेवटच्या तक्रारीत चूक आमची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

इंजिन पुरतं निवायच्या आत आम्ही डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणारा भाग, त्याच्या झाकणाला कॅप म्हणतात) प्लास्टिकची पिशवी बांधली. ऑगस्टची दमट हवा पिशवीत आणि कॅपच्या आत अडकली, बाहेरून ओलं फडकं फिरलं तशी कॅप गार झाली आणि आतल्या बाजूला दव धरलं. काम संपल्यावर पिशवी काढली, कॅप बाहेरून पुसली, इंजिन दहा मिनिटं चालवलं आणि बॉनेट बंद केलं. कॅप उघडून आत पाहिलंच नाही. तिथेच चुकलं. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब येतो. त्याला ओलसर धुळीची वाट मिळाली की तो प्लगपर्यंत जात नाही, कॅपच्या आतूनच शेजारच्या पिनकडे पळतो, आणि पळताना बेकेलाइट जाळून पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ सोडतो. तुमच्या कॅपमध्ये अशी रेघ निघाली. ती आधीची असो वा त्या सकाळची, कॅप उघडली असती तर ती तुमच्यासमोर दाखवता आली असती. नवी कॅप आणि रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) आमच्या खर्चाने बसवून देऊ, मजुरीही घेणार नाही. रेघ पॉलिश पेपरने घासून जात नाही. पृष्ठभाग जळलेलाच राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा तिथूनच करंट पळतो. म्हणून कुणी घासून देतो म्हणालं तर नको म्हणा.

आता पाइपबद्दल. प्रेशर वॉशरचा दाब शंभर बार किंवा त्याहून जास्त असतो. आजच्या गाड्यांचे कनेक्टर रबरी सीलचे असतात, तरी त्यांनाही तो दाब सोसतोच असं नाही. तुमच्या १७९८ सीसीच्या बी-सिरीज इंजिनात सील म्हणावं असं जवळजवळ काही नाही. प्लग, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर सगळे उजव्या अंगाला एका ओळीत उघडे. डिस्ट्रिब्युटरची कॅप दोन स्प्रिंग क्लिपांवर नुसती टेकलेली. मिनीमध्ये इंजिन आडवं असल्याने डिस्ट्रिब्युटर थेट जाळीसमोर येतो आणि पावसात भिजतो, म्हणून तिथे वेगळं आवरण लावतात. एमजीबीचं इंजिन उभं बसवलेलं आहे, रस्त्यावरच्या पावसाचा तिला तेवढा त्रास नाही. पण बॉनेट उघडून वरून फवारा मारला की हा फायदा संपला.

त्यातून तुमची गाडी १९६७ च्या आधीची, म्हणजे अल्टरनेटर नाही, लुकास कंपनीचा डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) आहे. त्याला हवेसाठी मोकळी भोकं असतात. पाणी आणि डीग्रीझर तिथून आतल्या कम्युटेटरवर (फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) आणि त्याला टेकणाऱ्या कार्बन ब्रशवर जातं, आणि मागच्या बुशमधलं तेल धुऊन निघतं. म्हणून सफाईनंतर त्या बुशच्या तेलभोकात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडायचेच. डाव्या अंगाला एसयू कंपनीचे दोन एचएस-४ कार्बोरेटर. एअर फिल्टरच्या तोंडातून शिरलेलं पाणी सरळ इनटेकमध्ये जातं. फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) गेलेलं पाणी पेट्रोलच्या तळाशी बसतं आणि नंतर कधीतरी जेटमध्ये येतं, त्यामुळे गाडी धुतल्यावर लगेच नीट चालते आणि दोन किलोमीटरवर धक्के देते. रॉकर कव्हरवरची तेलाची टोपी आणि डिपस्टिकचं तोंड हेही पाण्याचे रस्ते. टोपीच्या आत ताकासारखा पांढरट थर दिसला आणि डिपस्टिकवरचं तेलही तसंच असेल तर तेल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. (फक्त टोपीला थोडा थर असेल, तर बरेचदा तो छोट्या फेऱ्यांमुळे साचलेला ओलावा असतो. घाबरू नका.)

वॉशिंग सेंटरवर शेवटी इंजिनावर डिझेल मारतात. चमक दोन दिवस राहते. पण डिझेलने इंजिन माउंटिंगचं आणि होजचं रबर फुगतं, आणि वर धूळ चिकटून पुन्हा करंट पळायला वाट तयार होते. जुन्या गाडीवर डिझेल किंवा रॉकेल मारू देऊ नका, एवढी आमची हात जोडून विनंती आहे. या रबरांची किंमत वीस मिनिटांच्या कामात दिसत नाही.

चार तास कुठे गेले ते सांगतो. पहिला तास नुसता थांबण्याचा: गरम ओतीव लोखंडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, म्हणून मॅनिफोल्डवर तळहात निवांत टेकेल इतकं इंजिन निवलं पाहिजे. (हेच आम्ही तुमच्या गाडीला डिस्ट्रिब्युटरसाठी पाळायला हवं होतं.) मग बॅटरी. तुमच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे झाकणाखाली आहेत, आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. म्हणजे बॉडीला जोडलेली पॉझिटिव्ह तार आधी काढायची. सवयीने निगेटिव्ह काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. त्यानंतर फिल्टरची तोंडं, कॉइल, डायनॅमो आणि फ्यूज बॉक्स झाकायचे. झाकण घट्ट आवळायचं नाही, खालून मोकळं ठेवायचं, आणि काम झाल्यावर लगेच काढायचं. प्लगभोवतीची माती आधी हवेने उडवायची, नाहीतर पुढे प्लग खोलताना ती सिलिंडरमध्ये पडते.

मळ काढायला सौम्य डीग्रीझर पाण्यात पातळ करून, तोही फवारून नाही, ब्रशवर घेऊन लावतो. तीव्र क्षाराच्या डीग्रीझरने एसयूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डॅशपॉटवर (कार्बोरेटरच्या वरच्या डब्यावर) पांढुरके डाग पडतात आणि ते पॉलिश करूनही पूर्ण जात नाहीत. पाच मिनिटांनी ओल्या मायक्रोफायबरने पुसायचं, फडकं दर वेळी स्वच्छ पाण्यात पिळून. सगळ्या कामाला पाणी एक बादली पुरतं. शेवटी साधारण ३० पीएसआय दाबाने, फूटभर अंतरावरून हवा मारायची. थ्रॉटलच्या सांध्यांना तेलाचा थेंब, प्लगकडे जाणाऱ्या एचटी वायरींच्या टोप्यांत थोडं सिलिकॉन ग्रीस. बॉनेट दोन तास उघडं, आणि मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं, म्हणजे ८२ अंशांपर्यंत. तुमच्या वेळी आम्ही दहा मिनिटांत आटोपलं, ते पुरेसं नव्हतं. आता कॅप उघडून, आतून कोरड्या सुती कापडाने पुसून, टॉर्चने पाहिल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

घरी बॉडी धुताना एक गोष्ट मात्र जपा, ती अभिप्रायात नाही पण इंजिनापेक्षा जास्त नुकसान करते. काचेपुढची हवेची जाळी हीटरच्या खणात उघडते, आणि तिथलं पाणी एका रबरी नळीने गिअरबॉक्सच्या बाजूने खाली पडतं. पानांनी नळी चोंदली की पाणी हीटरमधून पायाखाली येतं आणि फ्लोअर आतून गंजतं. मॅट उचलून जाळीत अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. गाडीखाली थेंब दिसले पाहिजेत.

नवी कॅप बसेपर्यंत गाडी चालवायची असेल तर कॅप उघडून कोरडी पुसा आणि पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप पाहा, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. वायरी काढण्याआधी टेपवर नंबर घाला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. डब्ल्यूडी-४० ओलावा हटवायला चालेल, पण मारून तसंच ठेवू नका, पुसून काढा आणि वास गेल्यावरच स्टार्टर मारा.

येण्याआधी फोन करा. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवलीत तर बरं होईल: मिसिंग गार इंजिनावर, सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच दिसतं, आणि ते तुमच्यासमोर पाहून मगच आम्हाला कॅप बदलायची आहे.