‘१९५ देश, १९५ झेंडे’ एवढ्यावर यादी होत नाही

शिक्षकांच्या, पालकांच्या आणि स्पर्धापरीक्षेच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘जगात १९५ देश आहेत. संयुक्त राष्ट्रांची यादी हीच एकमेव अधिकृत, बाकी सगळं राजकारण. प्रत्येक देशाचा एकच झेंडा असतो. तो आयताकृती असतो आणि त्याचे रंग कायद्यानं ठरलेले असतात. तेव्हा झेंड्यांची यादी करायला फार अभ्यास लागत नाही. चित्रं घ्या, एका मापात बसवा, तक्ता छापा. एकदा छापला की वर्षानुवर्षं चालतो.’ शेवटी शिक्षकांनी मुलांना हेच शिकवावं अशी विनंती आहे.

त्या विनंतीमुळेच उत्तर देणं भाग आहे. सामान्यज्ञानाची पुस्तकं आणि भिंतीवरचे तक्ते छापायला जाण्याआधी तपासणं हे माझं काम. वर्गातल्या भिंतीवर जे लागतं ते पोरं वर्षभर बघतात आणि जन्मभर लक्षात ठेवतात. त्या मजकुरातला एकेक दावा घेऊनच बोलतो.

‘देश १९५, आणि संयुक्त राष्ट्रांची यादी हीच अधिकृत’

१९५ हा आकडा खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य, अधिक होली सी (म्हणजे व्हॅटिकनमधलं पोपचं शासन) आणि पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक, असा तो येतो. पण ही सदस्यांची यादी आहे, देशांची जनगणना नव्हे. सदस्य व्हायला अर्ज करावा लागतो, सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, मग आमसभेत मतदान होतं. सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. म्हणजे ‘बाकी सगळं राजकारण’ म्हणून जे बाहेर ठेवायचं, ते याच यादीच्या दारात उभं आहे.

इतिहास बघा. टोंगा १९७० मध्ये स्वतंत्र झाला आणि संयुक्त राष्ट्रांत आला १९९९ मध्ये. तुवालू १९७८ मध्ये स्वतंत्र झाला, सदस्य झाला २००० मध्ये. मधल्या काळात या देशांना झेंडा होता, सरकार होतं, माणसं होती. या मजकुराचा निकष लावला तर तेवढी वर्षं ते तक्त्यावर दिसलेच नसते. निरीक्षकांचं म्हणाल तर त्यांचे झेंडे न्यूयॉर्कच्या मुख्यालयासमोर लागायला सप्टेंबर २०१५ उजाडावा लागला. त्याआधीच्या उन्हाळ्यात कुणी तिथले झेंडे मोजून यादी केली असती, तर व्हॅटिकन सुटलं असतं.

आता आज बाहेर कोण राहतं ते पाहू. प्रशांत महासागरातली कुक बेटं आणि नियुए. न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचं नातं ठेवून दोघं आपला कारभार आपण पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आणि युनेस्कोचे ते सदस्य आहेत, आणि भारताचे दोघांशीही राजनैतिक संबंध आहेत. म्हणजे आपलं स्वतःचं सरकार ज्यांच्याशी संबंध ठेवतं त्यांचा झेंडा आपल्याच तक्त्यावर नाही. कोसोव्होनं १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. भारतानं मान्यता दिलेली नाही, पण ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये आणि फिफानं २०१६ मध्ये त्याला सामावून घेतलं. पश्चिम सहारातलं सहरावी प्रजासत्ताक आफ्रिकी संघाचा सदस्य आहे. भारतानं त्याला १९८५ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये काढून घेतली.

तैवानचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं. १९७१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांत चीनच्या खुर्चीवर तैपेईचं, म्हणजे तैवानमधलं, सरकार होतं, त्यानंतर ती बीजिंगकडे गेली. तैवानमध्ये आज फडकतो तो लाल झेंडा, निळ्या कोपऱ्यात पांढरा सूर्य असलेला. ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन बघताना ‘चायनीज तैपेई’च्या नावापुढे दिसतो तो वेगळाच, पांढऱ्यावर फुलाचं चिन्ह असलेला. १९८१ च्या करारानं ठरलेला तो ऑलिंपिकपुरता झेंडा आहे. ज्यानं टीव्हीवर बघून चित्र उतरवलं, त्याच्या तक्त्यात हमखास चुकीचा झेंडा गेला.

क्रिकेटवाल्यांना तर हे सांगायलाच नको. वेस्ट इंडीज हा देश नाही. त्या संघात बार्बाडोस, जमैका, गयाना, त्रिनिदाद असे स्वतंत्र देश एकत्र खेळतात. झेंडा आहे, पण तो संघाचा.

ऑलिंपिक चळवळीत २०६ राष्ट्रीय समित्या आहेत, फिफाचे सदस्य २११ आणि देश-प्रदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानक संकेतांच्या यादीत २४९ नोंदी. त्या शेवटच्या यादीत अंटार्क्टिकाही आहे, ज्याला सर्वमान्य अधिकृत झेंडाच नाही. या सगळ्या याद्या आपापल्या जागी अधिकृतच आहेत. पोस्टाच्या, खेळाच्या, बँकेच्या कामासाठी त्या केल्या गेल्या. शाळेसाठी झेंडे निवडायला त्यांतली एकही केलेली नव्हती.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या भागात १९३ सदस्य आणि दोन निरीक्षक घ्यावेत. दुसऱ्या भागात जिथे स्वतःचं सरकार चालतं पण सदस्यत्व नाही किंवा मान्यता अपुरी आहे, असे प्रदेश: कुक बेटं, नियुए, कोसोव्हो, तैवान, सहरावी वगैरे. तिसऱ्या भागात ग्रीनलँड, हाँगकाँगसारखे दुसऱ्या देशाचे प्रदेश. आणि भारतात छापायची यादी असेल तर भारताच्या मान्यतेचा एक रकाना हवाच. पॅलेस्टाईनपुढे ‘१९८८ पासून’ आणि कोसोव्होपुढे ‘नाही’ लिहिलं, की वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळतात. निकष मथळ्याखाली छापावा. तो न छापता केलेली निवड मला अप्रामाणिक वाटते, मग आकडा कितीही बरोबर असो.

‘प्रत्येक देशाचा एकच झेंडा’

आपल्यापासूनच सुरुवात करू. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं स्वीकारला तो तिरंगा आपला राष्ट्रध्वज, यात वाद नाही. पण भारतीय व्यापारी जहाजावर लाल झेंडा असतो, ज्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे. नौदलाचा ध्वज आणखी वेगळा. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजी अमदानीतला लाल क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली.

काही देशांत हा फरक राष्ट्रध्वजातच असतो. पेरूमध्ये लोकांच्या घरांवर लागतो तो साधा लाल-पांढरा-लाल, सरकारी इमारतीवर लागतो त्यात मधोमध राजचिन्ह. स्पेनमध्येही दोन्ही रूपं चालतात. जर्मनीत गरुडाचं चिन्ह असलेला झेंडा फक्त संघराज्याच्या कार्यालयांसाठी आहे. बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानानं लाल-पिवळ्या-हिरव्या झेंड्याच्या जोडीला ‘विफाला’ हा मूळनिवासींचा सप्तरंगी चौकटींचा झेंडाही राष्ट्रीय चिन्हांमध्ये घेतला. पॅराग्वेच्या झेंड्याच्या तर दोन बाजूच निरनिराळ्या: एकीकडे राष्ट्राची मुद्रा, दुसरीकडे कोषागाराची.

बाजारातल्या बहुतेक तक्त्यांवर पेरूचा साधा झेंडा आणि शेजारी इक्वेडोरचा राजचिन्हाचा, असा मेळ नसलेला कारभार असतो. यादी करणाऱ्यानं आधी ठरवावं, नागरिकांचा झेंडा घ्यायचा की शासनाचा, आणि शेवटच्या देशापर्यंत ते पाळावं.

‘झेंडा आयताकृती असतो, एका मापात बसतो’

याला एकटा नेपाळ पुरेसा आहे. तिथल्या संविधानाच्या अनुसूचीत झेंडा काढायची कृतीच दिली आहे, भूमितीच्या वहीत असते तशी. किरमिजी कापडावर खालच्या बाजूला डावीकडून उजवीकडे हव्या त्या लांबीची अब ही रेघ ओढा. अ पासून सरळ वर अक काढा, तिची लांबी अब अधिक अबचा एक तृतीयांश. अक वर ड अशी खूण करा की अड आणि अब समान होतील. बड जोडा. बड वर बपासून अबइतक्याच अंतरावर ई घ्या. ई मधून अबला समांतर रेघ काढा, ती अक वरच्या फ पासून सुरू होईल आणि तिची लांबी पुन्हा अबएवढीच, ग पर्यंत. आता क आणि ग जोडा. दोन त्रिकोणी पताका तयार झाल्या. मग चंद्र, सूर्य, आणि सगळ्यात शेवटी बाहेरून गडद निळी किनार, तिचीही रुंदी या भूमितीतूनच येते. हे सगळं करून जो झेंडा होतो तो रुंदीपेक्षा उंचीला जास्त.

हा झेंडा आडव्या चौकटीत कोंबला की एकतर पताका ताणल्या जातात, नाहीतर मागे पांढरं कापड असल्यासारखं दिसतं. एका तक्त्याच्या कच्च्या प्रतीत मी त्या पांढऱ्या जागेला काळी किनार मारलेली पाहिली आहे. बघणारा मुलगा तो पांढरा आयतच झेंडा समजणार. ज्या देशानं संविधानात रेघ न् रेघ लिहून ठेवली, त्याच्या झेंड्याची ही दशा शेजाऱ्यानं तरी करू नये.

स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकनचे झेंडे चौरस आहेत. लांबी आणि उंचीचं प्रमाण भारताचं ३:२, ब्रिटनचं २:१, अमेरिकेचं १९:१०, बेल्जियमचं १५:१३, आणि कतारचं २८:११. इंडोनेशिया आणि मोनॅको दोघांचेही वर लाल, खाली पांढरा. इंडोनेशियाचा ३:२, मोनॅकोचा ५:४. दोन्ही एका मापात बसवले की त्यांना वेगळं ओळखायची मुख्य खूणच आपण पुसून टाकली. माझ्या मते चौकटी एका उंचीच्या ठेवाव्यात, रुंदी ज्याची त्याला द्यावी. तक्ता थोडा वाकडातिकडा दिसेल, पण खरा असेल.

आणि दिशा. फिलिपिन्सचा झेंडा निळा पट्टा वर असेल तर शांतता, लाल वर असेल तर युद्धस्थिती; तिथल्या कायद्यातच तसं आहे. चित्र उलटं छापणं ही तिथे नुसती छपाईची चूक राहत नाही.

‘रंग कायद्यानं ठरलेले असतात’

काहींचे असतात. पण कापडाचा रंग ठरवणं वेगळं आणि पडद्यावरचा ठरवणं वेगळं. आपलं भारतीय मानक ब्युरोचं झेंड्याचं मानक कापड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावरचा निळा २०२० मध्ये गडद झाला. १९७६ नंतर रूढ झालेला फिकट निळा मागे पडला, आणि दोन्ही छटा अजून दिसतात. होंडुरासच्या १९४९ च्या कायद्यात रंग फिरोजी, पण अनेक वर्षं फडकत राहिला गडद निळा. २०२२ मध्ये नव्या सरकारनं फिरोजी आणला. चाड आणि रोमानिया यांच्यात तर निळ्याच्या छटेपलीकडे फारसा फरक नाही, त्यामुळे तिथे छपाईची शाई हलकी झाली की देश बदलतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये लिश्टेनस्टाइन आणि हैती यांचे झेंडे सारखेच निघाले. पुढच्याच वर्षी लिश्टेनस्टाइननं आपल्या झेंड्यावर मुकुट चढवला.

क्रमाबद्दल

मजकुरात याचा उल्लेख नाही, पण तो मानून चाललेला तक्ता नेहमी दिसतो: नावं मराठीत, क्रम इंग्रजीचा. मग जर्मनी ग्रीसच्या आधी येतो आणि पोराला कारण कळत नाही. प्रत्यक्ष झेंडे रांगेत उभे करताना भारताच्या ध्वजसंहितेत इतर देशांसाठी इंग्रजी नावांचा क्रम सांगितला आहे, तो समारंभात पाळावाच. छापील मराठी यादी मात्र मराठी वर्णक्रमानं लावावी.

‘एकदा छापला की वर्षानुवर्षं चालतो’

सगळ्यांत नुकसान करणारा दावा हा. म्यानमारनं झेंडा २०१० मध्ये बदलला. मलावीनं २०१० मध्ये बदलला आणि २०१२ मध्ये जुना परत आणला. मॉरितानियानं २०१७ मध्ये जनमत घेऊन वरखाली लाल पट्टे जोडले. किरगिझस्तानच्या सूर्याचे नागमोडी किरण डिसेंबर २०२३ मध्ये सरळ झाले. सीरियात ८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट पडली आणि हिरवा-पांढरा-काळा, तीन लाल ताऱ्यांचा झेंडा आला. एप्रिल २०२५ मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोरही लागला.

अफगाणिस्तानात तर हा पेच सुटलेलाच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून काबूलमध्ये तालिबानचा पांढरा झेंडा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अफगाण खेळाडू काळ्या-लाल-हिरव्या तिरंग्याखालीच चालले, आणि संयुक्त राष्ट्रांनी पांढरा झेंडा स्वीकारलेला नाही. उलट रशियानं जुलै २०२५ मध्ये तालिबान सरकारला मान्यता दिली आणि मॉस्कोतल्या अफगाण वकिलातीवर पांढरा झेंडा चढला. इथे एक चित्र छापून मोकळं होणं म्हणजे एका बाजूनं निकाल देणं. तक्ता करणाऱ्याला तो अधिकार नाही. दोन्ही चित्रं छापावीत, खाली एका ओळीत कोणतं कुठे फडकतं ते लिहावं.

म्हणून यादीच्या मथळ्याखाली निकषासोबत तारीख हवी, आणि प्रत्येक झेंड्यापुढे तो कधीपासून वापरात आहे ते साल. तो मजकूर ज्यांनी पुढे पाठवला त्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की वर्गातला तक्ता २०२४ किंवा त्याआधीचा असेल तर आजच्या आज सीरिया, किरगिझस्तान आणि अफगाणिस्तान हे तीन झेंडे पडताळून घ्या, आणि नेपाळच्या मागे पांढरी चौकट असेल तर ती कात्रीनं कापून टाका.