पेंटेकॉस्ट आणि गव्हाची सुगी : एका फिरत्या मजकुराला उत्तर

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी ख्रिस्ती लोक पेंटेकॉस्ट पाळतात, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण. ईस्टर उलटला की ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, आणि त्यांच्याबाहेरही, एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: "पेंटेकॉस्ट हा मुळात मूर्तिपूजक ग्रीकांचा, फक्त पीककापणीचा सण. नावच ग्रीक आहे. चौथ्या शतकात चर्चने तो उचलला आणि त्यावर पवित्र आत्म्याची कथा चिकटवली. म्हणून तर त्याची तारीख दरवर्षी बदलते आणि ज्यूंच्या सणाशीही जुळत नाही. हल्ली तो पेंटेकॉस्टल पंथाने वाढवला. भारतात मे-जूनमध्ये कापणी नसते, मग इथे हा सण कशाचा?"

यातली महत्त्वाची खरी गोष्ट एकच: या सणाच्या मुळाशी पीक आहे. या मजकुराला उत्तर देताना काही प्रवचनकार तेवढेही नाकारतात आणि "आमचा सण आत्मिक आहे, शेतीशी त्याचा संबंध नाही" असे सांगतात. हे उत्तर मजकुराइतकेच चुकीचे आहे. सुगी बाजूला काढली, तर पेंटेकॉस्टचा ख्रिस्ती अर्थ अर्धाच उरतो.

"नाव ग्रीक, म्हणून सण ग्रीक"

हा दावा सर्वांत कच्चा आहे. ख्रिस्ताच्या आधीपासून भूमध्य समुद्राच्या काठाने राहणारे असंख्य यहूदी ग्रीक बोलत आणि लिहीत होते. सात आठवडे मोजून येणाऱ्या आपल्या सणाला ते ग्रीकमध्ये पेंटेकॉस्ट, म्हणजे "पन्नासावा", म्हणत. तोबितच्या पुस्तकात (2:1) पेंटेकॉस्ट म्हणजेच सप्ताहांचा सण असे स्पष्ट लिहिले आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातही (12:32) हेच नाव येते. ही दोन्ही पुस्तके कॅथलिक बायबलमध्ये आहेत, कोणीही उघडून पाहावे. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफसही हेच नाव वापरतो. चर्चला हे नाव यहूद्यांकडून तयार मिळाले.

"फक्त पीककापणीचा सण"

"फक्त" म्हणणाऱ्याने बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 23वा अध्याय वाचलेला नसतो. तिथला विधी दोन टोकांचा आहे, आणि दोन्ही टोके एकत्र पाहिल्याशिवाय पन्नास या आकड्याचा अर्थ लागत नाही.

पहिले टोक जवाचे. वल्हांडणाच्या (इजिप्तमधून सुटकेच्या) सणात जवाच्या पहिल्या कापणीची पेंढी याजकाकडे आणायची आणि त्याने ती देवापुढे ओवाळायची. त्या दिवसापर्यंत नव्या पिकाची भाकर, हुरडा किंवा ओली कणसे यांतले काहीही खायचे नाही (23:14). यरुशलेमच्या मंदिरात हे कसे होत असे, ते मिशना या यहूदी नियमसंग्रहात नोंदले आहे. तीन सआ जव घ्यायचे, म्हणजे एक एफा, आजच्या मापाने अंदाजे 22 लिटर. ते दळून पीठ तेरा चाळण्यांतून चाळायचे आणि त्यातला फक्त दहावा भाग, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास, अर्पणासाठी घ्यायचा.

तिथून सात पूर्ण आठवडे मोजायचे. पन्नासाव्या दिवशी दुसरे टोक येते, गव्हाचे. दोन दशांश एफा सपीठ आणि त्याच्या दोन भाकरी. म्हणजे एकेका भाकरीला साधारण सव्वा किलो पीठ. हे सपीठ बारा चाळण्यांतून काढलेले असे. मिशनाच्या मापाने प्रत्येक भाकर सात मुठी लांब आणि चार मुठी रुंद, म्हणजे दोन फुटांच्या थोडी आत लांब आणि फूटभर रुंद. सोबत एक वर्षाची सात कोकरे, एक गोऱ्हा आणि दोन मेंढे होमबलीसाठी, पापबलीसाठी एक बकरा आणि शांत्यर्पणासाठी दोन कोकरे. (गणना या पुस्तकाच्या 28व्या अध्यायातल्या यादीत दोन गोऱ्हे आणि एक मेंढा आहे. प्रवचनात दोन्ही याद्या एकत्र मिसळून सांगितल्या की आकडे बिघडतात.)

या दोन भाकरी खमीर घालून भाजायच्या, आणि नेमके इथेच बरेच जण अडखळतात. खमीर घातलेले किंवा मध घातलेले काहीही वेदीवर जाळायचे नाही, असा नियम लेवीय 2 मध्ये आहे. म्हणून या भाकरी वेदीवर जात नसत. त्या ओवाळल्या जात आणि याजकांना मिळत. "खमीर म्हणजे नेहमी पाप" हे सूत्र इथे लागू पडत नाही. घरात रोज खाल्ली जाते तशीच भाकर देवापुढे ठेवायची, हा या विधीचा सरळ अर्थ आहे. दोन भाकरी म्हणजे यहूदी आणि परराष्ट्रीय, हे स्पष्टीकरण पुष्कळ प्रवचनांत ऐकू येते. ते नंतरच्या ख्रिस्ती परंपरेतले आहे. मूळ उताऱ्यात ते नाही, आणि पेंटेकॉस्टची घटना सांगणाऱ्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातही नाही.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. दोन भाकरी साऱ्या लोकांच्या वतीने अर्पण होत, तर प्रथमफळांची टोपली हे एकेका शेतकऱ्याचे अर्पण असे. ती या सणापासून पुढे मांडवांच्या सणापर्यंत केव्हाही आणता येई. मिशनात तिचे वर्णन मोठे सुंदर आहे. शेतकरी शेतात जातो, पहिले पिकलेले अंजीर, पहिला द्राक्षाचा घड पाहतो, त्याला लव्हाळ्याची दोरी बांधतो आणि म्हणतो, "हे प्रथमफळ." मग गावोगावचे लोक एकत्र निघत. पुढे बैल, त्याच्या शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट, आणि बासरी वाजत असे. मंदिरात पोचल्यावर शेतकरी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातले शब्द म्हणे: माझा पूर्वज भटका अरामी होता, आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतो, देवाने आम्हांला बाहेर काढून ही जमीन दिली, आणि आता हे तिचे पहिले फळ. म्हणजे शेताच्या बांधावर सुरू झालेले अर्पण गुलामगिरीतून सुटकेच्या आठवणीवर येऊन पोचते. ख्रिस्ती धर्म जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधीपासून हा सण नुसता पिकाचा नव्हता.

"आत्म्याची कथा नंतर चिकटवली"

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक पहिल्या शतकातले आहे. "चौथ्या शतकात चिकटवली" हा दावा तिथेच संपतो. त्याच्या दुसऱ्या अध्यायातले प्रसंग सर्वांना माहीत आहेत: वाऱ्यासारखा नाद, अग्नीच्या जिभा, पार्थियापासून रोमपर्यंतच्या भाषा, आणि दिवसाच्या तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, येशूचा शिष्य पेत्र याचे भाषण. तेवढे लोक यरुशलेमला जमले होते याचे कारण सण हेच होते. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण या तिन्ही वेळी यरुशलेमला जाण्याची आज्ञा नियमशास्त्रात आहे.

पेत्र भाषणात योएल या संदेष्ट्याचे वचन घेतो: "मी सर्व मनुष्यांवर आपला आत्मा ओतीन." हे वचन योएलमध्ये कुठे येते ते पाहावे. पहिल्या अध्यायात टोळधाड आली आहे. गहू आणि जव गेले, बी ढेकळांखाली सुकले, मंदिरातले अन्नार्पण बंद पडले. दुसऱ्या अध्यायात देव आगोटीचा आणि वळवाचा पाऊस देतो, खळी गव्हाने भरतात, लोक पोटभर जेवतात. "यानंतर" आत्मा ओतण्याचे वचन येते (2:28). म्हणजे गव्हाच्या सणाच्या दिवशी पेत्राने जे वचन उचलले, ते भरलेल्या खळ्यानंतर लगेच येणारे आहे. इतके असताना पिकाचा आणि आत्म्याचा संबंध नंतर जोडला, असे कसे म्हणता येईल?

आणखी एक धागा सहसा कोणी दाखवत नाही. अनुवाद 16:11 सांगतो की या सणात मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना सोबत घेऊन आनंद करायचा. योएल म्हणतो, आत्मा तुमच्या मुलांवर, मुलींवर, दासांवर आणि दासींवर ओतला जाईल. एक यादी सणाच्या पंगतीची आहे, दुसरी आत्म्याच्या दानाची, आणि दोन्हींत तेच चौघे येतात. लेवीय 23 मध्ये सणाचा विधी संपताच आज्ञा येते की शेताच्या कडा पूर्ण कापू नका, सरवा वेचू नका, गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी विश्वासणारे आपली मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसे वाटतात. रूथचे पुस्तक यहूदी लोक याच सणाला वाचतात. त्यातली परकी विधवा असाच सरवा वेचून जगली, जवाच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत.

प्रेषित पौलाने तर सुगीची भाषा सरळच वापरली आहे. पहिल्या करिंथकरांसच्या पत्रात तो मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला "प्रथमफळ" म्हणतो (15:20), आणि त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात पेंटेकॉस्टपर्यंत इफिसात राहणार असल्याचे कळवतो (16:8). रोमकरांस 8:23 मध्ये विश्वासणाऱ्यांकडे "आत्म्याचे प्रथमफळ" आहे असे तो लिहितो. पहिली पेंढी आली म्हणजे बाकीचे शेत येणार, ही शेतकऱ्याची खात्री त्यामागे आहे. पुनरुत्थान ही पहिली पेंढी, आत्मा हा पिकाचा पहिला हप्ता, आणि पूर्ण कापणी अजून पुढे. पेंटेकॉस्टचा ख्रिस्ती अर्थ इथे उभा आहे. सुगीचा संबंध नाकारणारे प्रवचनकार पौलाचा हा शब्दच काढून टाकतात, याचे वाईट वाटते.

इस्राएलला नियमशास्त्र जिथे मिळाले, त्या सीनाय पर्वताचा संबंध जरा जपून सांगावा लागतो. निर्गम 19 नुसार इस्राएल लोक तिसऱ्या महिन्यात सीनायला पोचले, आणि हा सणही तिसऱ्याच महिन्यात येतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातले ज्युबिलींचे पुस्तक या सणाला कराराचा सण मानते. पुढे रब्बींनी तो नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस म्हणून पक्का केला. कृत्यांमध्ये सीनायचे नाव येत नाही, पण अग्नी आणि नाद तिथले स्मरण करून देतात. कॅथलिक उपासनेत पेंटेकॉस्टच्या आदल्या संध्याकाळच्या वाचनांत निर्गम 19, योएलचा उतारा आणि रोमकरांस 8 हे तिन्ही आहेत.

आता चौथ्या शतकाबद्दल. साधारण 200 साली ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन पेंटेकॉस्टचा काळ बाप्तिस्म्यासाठी योग्य असल्याचे लिहितो. 325 सालच्या बिशपांच्या निकीया परिषदेचा विसावा नियम पेंटेकॉस्टच्या दिवसांत गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करायला सांगतो, म्हणजे तोवर हा काळ रुळलेला होता. चौथ्या शतकात बदलले ते इतकेच की पन्नास दिवसांच्या अखंड आनंदातून शेवटचा दिवस आणि चाळिसावा स्वर्गारोहणाचा दिवस वेगळे उठून दिसू लागले. त्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमला गेलेली एगेरिया ही यात्रेकरू लिहिते की पेंटेकॉस्टला तिथल्या सियोन डोंगरावर तिसऱ्या तासाला कृत्यांमधला हा उतारा वाचला जाई.

"तारीख बदलते, जुळत नाही"

बदलते, आणि त्याला हिशेब आहे. "शब्बाथाच्या दुसऱ्या दिवसापासून" मोजा, असे लेवीय सांगते. हा शब्बाथ कोणता, यावर मंदिर असतानाच वाद होता. परूशी (यहूद्यांमधला एक धार्मिक पक्ष) म्हणत की वल्हांडण सणाचा पहिला दिवस हाच शब्बाथ, म्हणून मोजणी यहूदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या 16 तारखेपासून. विरुद्ध पक्ष म्हणे की आठवड्याचा शब्बाथ, म्हणजे शनिवार. त्या हिशेबाने पन्नासावा दिवस नेहमी रविवारीच येतो. आजचे बहुतेक यहूदी परूशांची रीत पाळतात. ख्रिस्ती लोक ईस्टरच्या रविवारपासून मोजतात.

मोजताना ईस्टर हा पहिला दिवस धरायचा. पुष्कळ जण ईस्टरच्या तारखेत 50 मिळवतात आणि सोमवारवर जाऊन पोचतात. मिळवायचे असतात 49. 2026 साली ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून पेंटेकॉस्ट 24 मे रोजी. शबुओथ (यहूद्यांचा सप्ताहांचा सण) त्याच वर्षी 21 मेच्या संध्याकाळी सुरू होतो. 2024 साली मात्र पेंटेकॉस्ट 19 मेला आणि शबुओथ 11 जूनच्या संध्याकाळी, कारण यहूदी पंचांगात त्या वर्षी अधिक महिना होता. ज्याला अधिक महिना ठाऊक आहे, त्या मराठी माणसाला यात गूढ वाटायला नको.

"पेंटेकॉस्टल पंथाचा सण"

पेंटेकॉस्टल चळवळीला जोर देणारी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची सभा 1906 सालची. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधली आत्मिक जागृती त्याच्या आदल्या वर्षीची. सण त्या दोन्हींहून अनेक शतके जुना आहे, आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन सगळेच तो पाळतात.

"भारतात तेव्हा कापणी कुठे?"

नसतेच. पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, ऑक्टोबर ते एप्रिल. जव एप्रिलमध्ये आणि गहू मे-जूनमध्ये पिकतो. 1908 साली गेझेर इथे सापडलेल्या, इ.स.पू. दहाव्या शतकातल्या चुनखडीच्या पाटीवर शेतीचे महिने कोरलेले आहेत. त्यात जवाच्या कापणीचा महिना आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक कापणीचा महिना आहे, या सणाच्या मोजणीत जसे आहे तसेच. आपल्याकडचा रब्बी गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, आणि मृग लागतो तो पेरणीसाठी.

म्हणून इथल्या ख्रिस्ती लोकांनी पिकाचे आभार आपल्या पिकाच्या वेळी मानले. गोव्यात राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद देतात. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन समाजात आगेरा हा सुगीचा सण ऑक्टोबरमध्ये येतो. पेंटेकॉस्ट मात्र ईस्टरच्या मोजणीला बांधलेला आहे. तो यरुशलेमच्या गव्हावर चालतो, आणि त्या दिवशी कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर लेवीय 23 आणि योएलचे पहिले दोन अध्याय वाचले, तर शेत इथले नसले तरी तो गहू दिसतो.