पाणी ओलं नसतं म्हणे!

घरच्या ग्रुपवर मावशीने एक मेसेज टाकला. 'पाणी ओलं नसतं, विज्ञानाने सिद्ध केलंय', खाली पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. असलं काही आलं की मी वाचून सोडून देते. पण त्याच संध्याकाळी सातवीतल्या भाच्याने बाथरूमबाहेर सांडलेलं पाणी पुसायला नकार दिला, कारण काय, तर पाणी ओलं नसतं. आणि मावशी त्याच्या बाजूने! तेव्हा लिहिणं आलं. (भाच्यासाठी: मेसेजमधली व्याख्या जशीच्या तशी मानली तरी फरशी ओलीच ठरते. फडकं घे.)

आधी ते 'विज्ञानाने सिद्ध केलंय'. कुणी केलं, कधी, कुठल्या प्रयोगाने? मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि असणारही नाही. ओलं कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं आणि मग पाणी त्यात बसतं का ते बघायचं, एवढाच हा मामला आहे. मेसेजवाल्याने ठरवलं की घन वस्तूला द्रव चिकटला तरच ती वस्तू ओली. पाणी घन नाही, म्हणून ओलं नाही. निकाल आधीच व्याख्येत लपवायचा आणि मग तो शोधून काढल्याचा आव आणायचा, याला सिद्ध करणं म्हणत नाहीत.

यात अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. पृष्ठभागांचा अभ्यास करणारे लोक ओलं होण्याबद्दल बोलतात तेव्हा द्रव आणि तो ज्यावर पडला ती वस्तू, या जोडीबद्दल बोलतात. थेंबाची कड पृष्ठभागाशी किती अंशांचा कोन करते त्यावर सगळं ठरतं, हे इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडलं. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, कोन अगदी लहान. अळवाच्या पानावर तोच कोन दीडशे अंशांच्या पुढे जातो, थेंब घरंगळतो आणि पान कोरडंच राहतं. पारा द्रव असून काचेला ओलं करत नाही. म्हणजे ओलेपणा एकट्या पाण्याच्या हातात नाही, कबूल. पण त्या अभ्यासात 'फक्त घन वस्तू' अशी अट कुठेही नाही. पाण्यावर तेल पसरतं तेही त्याच हिशेबात मोडतं. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाण्यावरच्या लाटा निवल्या, हे त्याने १७७४ मध्ये छापलंय. तिथे तेलाखाली घन काय होतं?

मला खरा राग आला तो चौथ्या मुद्द्याचा. 'आपल्या ऋषिमुनींना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.' कुठल्या ऋषींना? नाव नाही, ग्रंथ नाही, श्लोक नाही. अरे, आपल्याकडे पाण्याचे गुण मोजण्यात लोकांनी पिढ्या घातल्यात, आणि त्यांच्या नावावर तुम्ही नेमकं उलटं खपवताय! कणाद ऋषींची वैशेषिक सूत्रं (वैशेषिक हे आपलं एक जुनं दर्शन) पाण्याचं वर्णन 'द्रवाः स्निग्धाः', म्हणजे पातळ आणि स्निग्ध, असं करतात. तेवढं पुरत नसेल तर तर्कसंग्रह उघडा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचं हे छोटंसं पुस्तक, न्याय म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र शिकणाऱ्याने पहिल्यांदा हातात घ्यायचं. आठल्ये-बोडसांची आवृत्ती १८९७ मध्ये आपल्या मुंबईतच निघाली. त्यात चोवीस गुण सांगितलेत, त्यातला एक स्नेह. व्याख्या अशी: 'चूर्णादिपिण्डीभावहेतुर्गुणः स्नेहः'. पिठासारख्या भुग्याचा गोळा ज्याच्यामुळे होतो, तो गुण. आणि लगेच पुढे, 'जलमात्रवृत्तिः'. तो राहतो फक्त पाण्यात.

परातीत कणीक घेऊन बघा. कोरडं पीठ मुठीत कितीही आवळलं तरी मूठ उघडली की भुगा होतो. पाणी घातलं की गोळा. न्यायवाल्यांच्या मते गोळा करण्याचा हा गुण पिठाचा नाही, पाण्याबरोबर आलेला आहे, आणि पाण्याचा मात्र तो स्वतःचा आहे. मग तेला-तुपाचं काय, ही शंका त्यांनाही आली होती. तर म्हणे तेलातही पाण्याचाच अंश असतो! ते आज कुणी मानणार नाही. स्नेह आणि ओलेपणा तंतोतंत एकच नव्हेत, असाही वाद घालता येईल, घाला. पण पाणी स्वतः त्या गुणाला पारखं आहे असं यातल्या कुणीही म्हटलेलं नाही. आणि पाणी ज्याला भिजवू शकत नाही असं शास्त्रातलं काही हवंच असेल तर गीतेचा दुसरा अध्याय आहे, 'न चैनं क्लेदयन्त्यापः'. पण तिथे विषय आत्म्याचा चाललाय.

'पाण्याचा एक रेणू ओला नसतो' हा मुद्दा शाळेतल्या मुलांना फार पटतो म्हणे. खरंच आहे, नसतो. एकट्या रेणूला उकळताही येत नाही आणि गोठताही येत नाही. म्हणून चहाचं आधण येत नाही का? एकटा माणूस गर्दी नसतो, म्हणून संध्याकाळी सहाला दादर स्टेशनवर गर्दी नसते? काही गुण पुष्कळांनी मिळूनच येतात. द्रवातला प्रत्येक रेणू आजूबाजूच्या साधारण चार रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून असतो. म्हणजे मेसेजच्या व्याख्येतून तो मुद्दाम घुसवलेला 'घन' शब्द काढला, तर सगळ्या बाजूंनी पाणी चिकटलेलं असं जगात पहिलं काही असेल तर ते पाणीच. (गंमत म्हणजे न्यायवाले पाण्याच्या परमाणूतही स्नेह मानतात, तोही नित्य, म्हणजे कायमचा. ऋषिमुनींचं नाव घेणाऱ्याने एवढं तरी बघायचं.)

'आग जशी जळत नाही, तसं पाणी ओलं नसतं.' मेणबत्तीच्या ज्योतीत मेणाची वाफच जळत असते. पुढचा मुद्दा.

तो शेवटचा: शास्त्रज्ञांनी 'कोरडं पाणी' बनवलंय, हा घ्या पुरावा. बनवलंय, खरं आहे. दिसायला पांढरी पूड, वजनाने सुमारे ९५ टक्के पाणी. पण ती पूड होते कशी? पाण्याला दूर लोटणाऱ्या सिलिकाचे बारीक कण प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती बसवतात, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि हाताला लागत नाहीत. बोटांत चोळली की आवरण फुटतं आणि पाणी बाहेर येतं. पाणी मुळातच ओलं नसतं, तर थेंबाथेंबाला अंगरखा चढवायचा हा खटाटोप कुणी कशाला केला असता?