लेक टाहोचे जूनमधले पाणी आणि ‘निर्धास्त पोहा’ म्हणणारा संदेश

गेल्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांनी मला एक लांबलचक संदेश वाचून दाखवला. ‘लेक टाहोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी’ असे त्याचे शीर्षक होते; लेक टाहो म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरचे डोंगराळ भागातले सरोवर. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या चार मराठी गटांतून तो माझ्यापर्यंत आधीच आला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. या वेळी तसे करता आले नाही. सासरे ६८ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात, कऱ्हाडला कृष्णेत पोहत लहानाचे मोठे झाले आहेत, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या आमच्या सहलीसाठी त्यांनी त्या संदेशाच्या भरवशावर खोबरेल तेलाची बाटली बॅगेत भरून ठेवली होती.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: जूनमध्ये तिथे २५ अंशांचे ऊन असते, म्हणून पाणीही कोमट असते, तळाशी उष्ण झरे असल्यामुळेच सरोवर हिवाळ्यात गोठत नाही, पाणी नितळ असल्याने खोलीचा अंदाज सहज येतो, अंगाला तेल चोळून आणि घोटभर ब्रँडी घेऊन उतरल्यास थंडी बाधत नाही, शरीर गारठायला अर्धा तास लागतो, म्हणून ज्याला पोहता येते त्याने पंधरा-वीस मिनिटे निर्धास्त पोहावे, लाइफ जॅकेट नवशिक्यांसाठी असते, आणि सप्टेंबरातही पाणी चांगले असते.

यातला अर्ध्या तासाचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. शरीराचे आतले तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, हे खरे आहे. पण थंड पाण्यात बुडणारी बहुतेक माणसे तितका वेळ जगतच नाहीत. १५ अंशांहून थंड पाण्यात अंग अचानक बुडाले की माणूस आपोआप मोठा आचका देऊन श्वास आत ओढतो आणि पुढचे मिनिटभर त्याला धाप लागते. हे त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. त्या पहिल्या आचक्याच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जाते. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्या माणसालाही त्या क्षणी काही सेकंदच रोखता येतो. त्याच वेळी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी धावू लागते, रक्तदाब एकदम चढतो, आणि ज्याचे हृदय आधीच औषधावर चालले आहे त्याच्यासाठी हा झटका स्वतंत्रपणे जीवघेणा ठरू शकतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अतिथंड पाण्यासाठी १-१०-१ असा सोपा हिशेब लोकांपुढे ठेवला आहे: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी जेमतेम १० मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत १ तास. आकडे ढोबळ आहेत, पाण्याच्या तापमानानुसार ते बदलतात. क्रम मात्र बदलत नाही. संदेश लिहिणाऱ्याने शेवटचा आकडा धरला आणि माणसे ज्यांत दगावतात ते पहिले दोन गाळले. दंडाचे स्नायू व नसा गार पडल्या की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही हात उचलत नाही, आणि लाइफ जॅकेट हवे असते ते नेमके तेव्हा. कृष्णेत किंवा गावच्या विहिरीत कमावलेली ताकद इथे उपयोगी पडत नाही, कारण आपल्याकडच्या विहिरीचे पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास असते आणि त्यात हा आचका येतच नाही.

आता पाणी किती थंड असते ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील टाहो संशोधन केंद्राकडे १९६८ पासूनच्या नोंदी आहेत आणि ते दरवर्षी सरोवराच्या स्थितीचा अहवाल काढते. ज्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी तो वाचावा. हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी ५-६ अंशांवर असते, जूनच्या आरंभी १० ते १३ अंशांपर्यंत येते आणि जुलैच्या अखेरीस व ऑगस्टमध्ये १८ ते २१ अंशांवर पोहोचते. २०१७ चा जुलै तोपर्यंतच्या नोंदींतला सर्वांत उष्ण जुलै होता आणि तेव्हाची सरासरी २०.२ अंश होती. म्हणजे विक्रमी उन्हाळ्यातले पाणीसुद्धा आपल्या नेहमीच्या तरणतलावापेक्षा गारच. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, त्याला ६३ ओढे-नद्या मिळतात आणि मे-जूनमध्ये त्यांतून वितळलेला बर्फ वाहत असतो. हवा दुपारपर्यंत तापते. सर्वांत खोल जागी ५०१ मीटर असलेल्या सरोवराचे पाणी तापायला महिने लागतात.

ऑगस्टमध्येही ऊब फक्त वरच्या थरात असते. जोराचा नैर्ऋत्य वारा सुटला की तो हा थर पूर्व किनाऱ्याकडे लोटतो आणि पश्चिम किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते. काल सुखद वाटलेले पाणी आज कित्येक अंशांनी उतरलेले असू शकते, म्हणून मागच्या वर्षीचा किंवा शेजाऱ्याचा अनुभव इथे पुरावा धरता येत नाही.

उष्ण झऱ्यांबद्दल थोडे मान्य करावे लागेल. उत्तर किनाऱ्यावर ब्रॉकवे येथे खरोखरच उष्ण झरे आहेत. पण सरोवर गोठत नाही त्याचे कारण ते नव्हे. सरासरी ३०० मीटर खोलीच्या पाण्यात उन्हाळ्याची उष्णता इतकी साठलेली असते आणि वारा ते इतके घुसळत राहतो, की पृष्ठभाग गोठणबिंदूपर्यंत उतरण्याआधीच हिवाळा सरतो. तळाचे पाणी बारा महिने ५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही थंड असते. तिथे चुली पेटलेल्या असत्या तर हे शक्य नव्हते. शिवाय सरोवराचाच एक उथळ फाटा, एमराल्ड बे, काही हिवाळ्यांत गोठलेला आहेच.

नितळपणामुळे खोली कळते हा दावा तर अगदी उलटा आहे. तळ स्पष्ट दिसतो म्हणूनच तो जवळ वाटतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या रुबिकॉन पॉइंटपाशी काठापासून थोड्याच अंतरावर कडा सरळ खाली तुटतो. तेलाने त्वचा तुकतुकीत होते, पाण्याकडे वाहून जाणारी उष्णता अडत नाही. ब्रँडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीर लवकर गार होते. तोलही जातो तो वेगळाच.

सप्टेंबराचे मात्र त्या लेखकाचे बरोबर आहे, हे नाइलाजाने लिहितो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी जूनपेक्षा बरेच उबदार असते, कारण ऑगस्टची उष्णता त्यात अजून शिल्लक असते. पण सर्वांत उबदार पाणी ऑगस्टमध्येच, म्हणून आम्ही सहल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ढकलली आहे. सासरे दक्षिण किनाऱ्याच्या उथळ पुळणीवर पाण्यात उतरतील, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, श्वास स्थिरावल्यावर कमरेपर्यंत, आणि अंगात लाइफ जॅकेट असेल. ते कबूल करून घ्यायला मला दोन दिवस लागले.