“आमच्या हद्दीत येत नाही” हे वाक्य आता मला ऐकवू नका

तीन महिने झाले. चार कार्यालयं झाली. चारही ठिकाणी शेवटी तेच उत्तर, “ताई, ते आमच्या हद्दीत येत नाही.” हे वाक्य नुसतं कानावर पडलं तरी आता माझं डोकं फिरतं.

आमचं घर कोल्हापूरच्या अगदी कडेला आहे. रस्त्याच्या अलीकडं शहर, पलीकडं गाव. मागून ओढा वाहतो. पलीकडच्या नव्या अपार्टमेंटांचं आणि बंगल्यांचं सांडपाणी त्या ओढ्यात येतं, ओढा शहरात शिरतो, पुढं जयंती नाल्याला मिळतो. आणि आमच्या गल्लीची प्यायच्या पाण्याची पाइप ह्याच ओढ्यातून आडवी गेली आहे. ती गळायला लागली. सकाळी नळ सोडला की पहिली दहा मिनिटं पिवळट, वास मारणारं पाणी. महिन्याभरात गल्लीतल्या दोन घरांत कावीळ. त्यातलं एक घर आमचं. माझी पुतणी बारा वर्षांची आहे. पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती, डोळे हळदीसारखे पिवळे, भाताचा घास पोटात ठरत नव्हता.

मी अर्ज घेऊन गेले. पहिल्या कार्यालयात म्हणाले, पाइप आमची, पण घाण पलीकडच्या गावाची. त्यांनी घाण थांबवली तर पाइपचं बघू. दुसरीकडं म्हणाले, आमच्याकडं गटारीलाच निधी नाही, आणि ओढा पुढं शहरातून जातो म्हणजे तो शहराचा. तिसरीकडं म्हणाले, आम्ही फक्त नमुने तपासतो, पाइप आणि ओढा आमचा विषय नाही. चौथ्या ठिकाणी एका साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला, मला बरं वाटलं. आठ दिवसांनी पत्र आलं. अर्ज योग्य कार्यवाहीसाठी पहिल्या कार्यालयाकडं वर्ग केला होता.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. रागानं रडले.

अहो, चार जण एकदा त्या ओढ्याच्या काठावर एकत्र उभे राहा. अर्धा तास. पाइप कुठं गळते, घाण कुठून येते, हे तिथं उभं राहिलं की पोरालाही दिसतं. पण ते एकमेकांना पत्रं पाठवतात, आणि पत्र पोचेपर्यंत गल्लीत अजून कुणी तरी आजारी पडतं. काविळीचं तर असं आहे की दूषित पाणी आज प्यालं तर दुखणं दोन ते दहा आठवड्यांनी दिसतं. म्हणजे रोगी दिसल्यावर जागं व्हायचं तर तोवर सगळी गल्ली ते पाणी पिऊन मोकळी झालेली असते. गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार जिवावर बेततो. इचलकरंजीनं २०१२ साली काविळीची साथ भोगली, माणसं गेली. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. तरी आपण काही शिकलो नाही.

आता माझं माहेर सांगते, म्हणजे राग कुठून येतो ते कळेल. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. प्रयाग चिखलीला भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी एकत्र येतात, तिथून ही नदी पंचगंगा होते. कोल्हापूर, मग इचलकरंजी, मग आमचा शिरोळ तालुका, आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. म्हणजे मी इथं मोरीत जे ओतते ते काही दिवसांनी माझ्या भावाच्या दारात जातं. उन्हाळ्यात त्याचा फोन येतो. “आक्का, तुमच्या कोल्हापूरचं आलं बघ.” एवढंच म्हणतो. मला कळतं.

नदीत पाणी काळं पडलेलं असतं, वर फेस, केंदाळ म्हणजे जलपर्णी इतकी की पाणी दिसत नाही. साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आलं की त्यातला प्राणवायू संपतो आणि तेरवाड बंधाऱ्याला मासे तरंगतात. लहानपणी मी त्या नदीत पोहायला शिकले. माझ्या भावाच्या पोरांना नदीत पाय घालायची परवानगी नाही.

मग दरवेळी काय होतं? आरडाओरडा झाला की पंचनामा होतो, वरच्या धरणातून थोडं पाणी सोडतात, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात आणि काळं पाणी पुढच्या गावाकडं ढकलतात. ह्या बंधाऱ्यांना महाराष्ट्रभर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात. पाणी अडवून ठेवायची रीत ज्या गावाच्या नावानं ओळखली जाते, तिथं आज एका बंधाऱ्याची घाण दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं काम चाललंय, याची मला लाज वाटते.

शहर म्हणतं, आमच्याकडं प्रकल्प आहे. आहे ना. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करायच्या क्षमतेचं केंद्र आहे, दुधाळीला वेगळं आहे. पण जयंतीवरचे पंप वीज गेली की थांबतात आणि मैलापाणी थेट नदीत जातं. आणि हद्दीबाहेरच्या गावांचं काय? १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. हद्दवाढ हवी म्हणून मोर्चे, नको म्हणून गावं बंद. मला त्या भांडणात पडायचं नाही. शेतजमिनीची, घरपट्टीची गावकऱ्यांची भीती खरी आहे. पण हद्दवाढ होवो न होवो, गाव आणि शहर मिळून एक सांडपाणी वाहिनी का टाकू शकत नाहीत? त्यासाठी कुणाला कुणात विलीन व्हावं लागत नाही.

आणि हे मी मनचं सांगत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तिच्यात जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे ती कशासाठी? ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक गोष्टींसाठी: पाण्याची वाटणी, पायाभूत सोयी, पर्यावरणाचं रक्षण. स्पष्ट लिहिलंय. ३० वर्षं उलटून गेली. समितीच्या बैठकीच्या बातम्या येतात त्या कुणाला किती कोटी मिळाले याच्या. एका ओढ्यासाठी गाव आणि शहराला समोरासमोर बसवलं, ही बातमी मी तरी आजवर वाचली नाही. त्यात पाच वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. आम्ही धरायचं कुणाला?

राज्य सरकारचं पर्यावरणासाठीचं ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० ला आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश. पण गुण कुणाला? प्रत्येक संस्थेला स्वतःच्या हद्दीतल्या कामाला, वेगवेगळे. नदीला कोण गुण देणार? वरच्या गावानं स्वच्छ पाणी खाली सोडलं तर खालच्या गावाचं आयुष्य वाढतं, हे कुठल्या रकान्यात बसतं?

सगळ्यात जास्त मला हे टोचतं की घाण आपण केली आणि आता पाण्यावरून माणसं एकमेकांच्या उरावर बसायला लागली. पंचगंगा पिण्यालायक राहिली नाही म्हणून इचलकरंजी वारणा नदीकडं गेली, तर वारणाकाठचं दानोळी गाव पेटलं. दूधगंगा नदीतून सुळकूडला पाणी योजना म्हटली तर कागल तालुका रस्त्यावर आला. दोघांचं दुखणं खरं आहे. इचलकरंजीच्या बायकांना पाण्यासाठी दिवसदिवस थांबावं लागतं, आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला उसाला पाणी लागतं. कोल्हापुरानं मात्र काळम्मावाडी धरणाहून थेट पाइपलाइन आणली. २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं, आमच्याकडं फटाके वाजले. मीही खूश होते. मग भावाचा फोन आला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आम्हाला धरणाचं पाणी, आणि त्याला आमचं सांडपाणी.

एकत्र येता येत नाही असं कुणी म्हणू नका. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडी पाण्यात, शिरोलीला हायवे बंद, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं शहरात प्यायला पाणी नाही. तेव्हा तालमीची पोरं चिखलीला गेली, खेड्यांतून शहराला भाकरी आल्या, टँकर कुणाच्या हद्दीतला हे कुणी विचारलं नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गासाठी दोन राज्यांचे अधिकारी एकमेकांशी बोलतात. मग रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे का बोलत नाहीत?

पुतणी आता शाळेत जाते. तिची आई अजून पाणी वीस मिनिटं उकळते, गॅस महिना पुरत नाही. पाइप तशीच आहे.

सोमवारी मी परत जाणार आहे. ह्या वेळी भाऊ येतोय सकाळच्या एसटीनं. त्याच्याकडं तेरवाडच्या पाण्याची बाटली असेल, माझ्याकडं आमच्या ओढ्याची. दोन्ही बाटल्या एकाच टेबलावर ठेवणार, आणि चारही कार्यालयांचा माणूस तिथं येऊन बसेपर्यंत आम्ही दोघं उठणार नाही.